अठराव्या वर्षानंतर : दिव्यांग युवक, त्यांचे कुटुंब आणि वैद्याचे कर्तव्य

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चार पादांवर चिकित्सा उभी असते, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. व्यवहारात मात्र भिषक् व द्रव्य यांवर आपण जेवढा विचार करतो, त्याच्या दशांशानेही उपस्थात्याचा विचार करीत नाही. ज्वराच्या रुग्णाजवळ बसणारा उपस्थाता आठ-दहा दिवसांत मोकळा होतो, म्हणून ही उपेक्षा खपून जाते. परंतु ज्या घरात सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेले अपत्य आहे, तेथे आई ही आजन्म उपस्थात्री असते. तिला सुट्टी नाही, बदली नाही आणि वेतनही नाही.

प्रस्तुत लेखकाचे चिकित्सालय तिवसा येथे, अमरावती-नागपूर महामार्गावरील तालुक्याच्या गावी आहे. सोयाबीन, कपाशी, तूर आणि संत्रा यांवर जगणाऱ्या खेड्यांतून पालक आपले दिव्यांग मूल घेऊन येतात. मूल लहान असताना त्यांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टरसाहेब, हा चालीन काय? बोलीन काय?" मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की प्रश्न बदलतो : "आमच्या मागं याचं कसं होईन?" पहिल्या प्रश्नासाठी आपल्याजवळ निदान काही द्रव्ये, काही कर्मे आहेत. दुसऱ्या प्रश्नापुढे आपण बहुधा गप्प राहतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे हेही वैद्याचेच काम आहे, आणि ते देता येण्याजोगे आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

साध्यासाध्यत्वाचे सत्य

प्रथम आपल्या घरातील गोष्ट. चिकित्सा आरंभण्यापूर्वी व्याधीचे साध्यासाध्यत्व पाहावे, असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या व यश नष्ट होते, असा स्पष्ट इशारा सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात आहे. येथे केवळ वैद्याच्या यशाचा प्रश्न नाही. जन्मतः मेंदूस झालेली इजा पूर्ववत् होईल, या आशेवर पालक गावोगाव फिरतात, कर्ज काढतात, प्रसंगी वावर विकतात. ज्या पैशावर मुलाचे शिक्षण व्हायचे, बहिणीचे लग्न व्हायचे, तो पैसा "शंभर टक्के गुण" देणाऱ्यांच्या खिशात जातो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व, बहिरेपणा, अपस्मार, पक्षाघात यांचा समावेश आहे. त्या बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, हे आपल्या सर्व सभासदांनी लक्षात ठेवावे.

याचा अर्थ आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही, असा नव्हे. स्पास्टिसिटी असलेल्या मुलास अभ्यंग, मृदु स्वेदन, षष्टिकशाली पिंडस्वेद यांमुळे स्नायूंचा ताठरपणा काही काळ सैल होतो, झोप सुधारते, आईला त्याचे पाय दूर करून अंघोळ घालणे सुकर जाते. नित्याचा मलावष्टंभ हा अशा मुलांचा मोठाच त्रास. त्यावर आहार, स्नेहन आणि युक्तीने योजलेला बस्ती यांचा उपयोग होतो. हे लाभ लहान नाहीत. मात्र ते फिजिओथेरपीच्या बदली नसून तिच्या जोडीने आहेत, हे पालकांना सांगितलेच पाहिजे. मुलास अपस्माराचे वेग येत असतील तर चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होता कामा नयेत. त्यातून प्राणावर बेतते. गिळण्यास त्रास असलेल्या मुलास आडवे पाडून काढा पाजू नये. तो श्वासमार्गात उतरण्याचा धोका असतो. भस्मे व रसकल्प वर्षानुवर्षे चालू ठेवणेही टाळावे. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनास येणाऱ्या मातेला त्याविषयी जे अभिवचन आपण देऊ शकत नाही, ते देऊ नये.

व्याधी याप्य असेल तर याप्य म्हणावे. चिकित्सेने जे साध्य नाही ते जीवनातही साध्य नाही, असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही.

दोष मातेचा नव्हे

मूल वेगळे आहे हे कळताच घरात पहिला शोध सुरू होतो तो अपराध्याचा. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरवले नाहीत, पाचव्या महिन्यात शेतात गेली, असे आरोप सुनेच्या माथी येतात. दुर्दैवाने सुश्रुताच्या शारीरस्थानातील दौहृद-विमाननाचा संदर्भ देऊन आपल्यापैकीही काही जण या आरोपास शास्त्राधार पुरवतात. त्याच आपल्या परंपरेत चरकाने शारीरस्थानात बीज व बीजभाग यांच्या उपतप्ततेचा विचार मांडला आहे, आणि बीजभागाची विकृती नसल्यास विकलांग आई-बापांचेही अपत्य विकलांग होत नाही, असा विवेक केला आहे. त्यात आरोप नाही, कार्यकारणभाव आहे. आज आपणास ठाऊक असलेली कारणेही तशीच आहेत : गुणसूत्रांतील बदल, गर्भावस्थेतील संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, नवजाताची तीव्र कावीळ, बालपणीचा मस्तिष्कज्वर. यांपैकी एकाचाही ग्रहणाशी संबंध नाही.

वैद्याने सासू आणि नवरा समोर असताना हे दोन वाक्यांत सांगितले, तर त्या मातेच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरते. गावात वैद्याच्या शब्दास अजून वजन आहे. त्याचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

लवकर ओळख : आपल्याच हाती असलेले काम

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत वर्षातून एकदा जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी जी फिरती पथके आहेत, त्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून आयुष पदवीधरच नेमले जातात. जन्मजात व्यंगे, न्यूनताजन्य आजार, बालपणीचे रोग आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस अवस्था त्यांनी शोधावयाच्या असतात. म्हणजे या देशातील ग्रामीण दिव्यांग बालकास प्रथम ओळखण्याचे उत्तरदायित्व प्रत्यक्षात आपल्या व्यवसायबंधूंकडे आहे. आपल्या संघटनेतील अनेक तरुण वैद्य-वैद्या या पथकांत काम करतात. त्यांच्याकडे केवळ "कंत्राटी नोकरी" म्हणून न पाहता त्यांच्या अनुभवाला आपल्या चर्चासत्रांत स्थान मिळावयास हवे.

खाजगी व्यवसाय करणाऱ्यांसही हे काम चुकलेले नाही. सर्दी-खोकल्यासाठी आणलेले सहा महिन्यांचे मूल मान धरीत नाही, आवाजाकडे वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी नजरेस नजर देत नाही, या गोष्टी आपल्याच नजरेस प्रथम पडतात. "होईल हळूहळू, मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य आपण आता सोडून दिले पाहिजे. ऐकू न येणाऱ्या बालकास पहिल्या दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्र व भाषा मिळाली तर त्याच्या पुढील साठ वर्षांचे चित्र पालटते.

अठरावे वर्ष

आता मुख्य प्रश्न. सर्वसाधारण घरात मुलाचे अठरावे वर्ष हा आनंदाचा टप्पा असतो. मतदानाचा अधिकार येतो, कॉलेज येते. दिव्यांग मुलाच्या घरात त्याच वर्षी अनेक दारे एकदम लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षे या वयापर्यंत आहे. शाळा तपासणी पथकाची कक्षा अठराला संपते. निवासी बालगृहातील मुलास अठरा पूर्ण होताच तेथून बाहेर पडावे लागते. आई-वडिलांचे वय तोवर पन्नाशीकडे झुकलेले असते, आणि वीस किलोचे मूल उचलणारी माता आता पन्नास किलोचा तरुण उचलू शकत नाही.

पुष्कळ पालकांना ठाऊक नसलेली आणखी एक बाब अशी की, अपत्य अठरा वर्षांचे झाले म्हणजे आई-वडील त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाच्या नावे शेताचा हिस्सा असेल, बँकेत खाते असेल, तर त्यावरील व्यवहार अडतो आणि मग भाऊबंदकीस वाव मिळतो. यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी या कायद्याने प्रौढ व्यक्तीस कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय केली असून, जिल्हाधिकारी ज्याचे प्रमुख आहेत अशा स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. त्याकरिता दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. याच न्यासाच्या "निरामय" योजनेखाली या चार गटांतील व्यक्तीस वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपी यांचा खर्चही त्यात अंतर्भूत आहे.

मात्र पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. २०१६ च्या अधिनियमाने "मर्यादित पालकत्व" ही कल्पना आणली. ज्या निर्णयात साहाय्य आवश्यक आहे तेवढ्यापुरतेच, आणि तेही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, असा तिचा आशय आहे. काय जेवावे, कोणता सदरा घालावा, कोणाशी मैत्री करावी हे ठरविण्यास बौद्धिक अक्षमता असलेला तरुणही बहुधा समर्थ असतो. त्याला तशी संधी मात्र मिळावी लागते.

वझ्झरचे उदाहरण

ज्यांना आई-वडीलच नाहीत अशा दिव्यांग मुलांचे अठराव्या वर्षी काय होत असेल? हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाने आयुष्यभर विचारला आहे. अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर हे गाव आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे एक संस्थापक कै. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने तेथे बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालते. ते चालविणारे श्री. शंकरबाबा पापळकर हे पूर्वी "देवकीनंदन गोपाला" हे नियतकालिक चालवीत असत. गाडगेबाबांचा वारसा त्या नावातच दिसतो. एकशे तेवीस निराधार दिव्यांगांचे पिता म्हणून ते आज ओळखले जातात. २०२४ मध्ये भारत शासनाने त्यांना पद्मश्रीने गौरविले.

रेल्वे स्थानके, बसस्थानके, रस्त्याच्या कडा येथे टाकून दिलेली मुले पोलिसांमार्फत वझ्झरला पोहोचली. शंकरबाबांनी त्यांना आपले नाव दिले. या मुलांच्या कागदपत्रांवर पित्याच्या जागी तेच नाव आहे. उजाड टेकडीवर मुलांनी हजारो झाडे लावून जगविली. ज्यांना ऐकू येत नाही ते ज्यांना दिसत नाही त्यांचा हात धरतात, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांची ढकलगाडी बुद्धीने मंद समजली गेलेली मुले लोटतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या एकाही मुलास त्यांनी बाहेर काढले नाही. बेवारस दिव्यांगांना अठराव्या वर्षानंतरही, आजन्म, पुनर्वसनाचा अधिकार देणारा कायदा व्हावा, ही मागणी ते गेली अनेक वर्षे राज्यकर्त्यांपुढे सातत्याने मांडीत आले आहेत. पुरस्कारापेक्षा हा कायदा हवा, असा त्यांचा आग्रह आहे.

ठेवून घेतलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. अनेकांचे विवाह झाले. डिसेंबर २०२० मध्ये येथील एका मूकबधिर मुलीचे लग्न नागपुरात झाले, तेव्हा राज्याचे तत्कालीन गृहमंत्री श्री. अनिल देशमुख यांनी कन्यादान केले आणि तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. रवींद्र ठाकरे वरपक्षाच्या बाजूने उभे राहिले. जळगाव रेल्वे स्थानकावर बालपणी बेवारस सापडलेली, दृष्टिहीन माला पापळकर हिने ब्रेल लिपीतून शिक्षण घेतले, अमरावतीस पदवी मिळविली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे ती नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात शासकीय सेवेत रुजू झाली.

मालाच्या यशाची बातमी सर्वत्र छापून आली व तिचे कौतुक झाले, ते योग्यच. तथापि वैद्याने त्यामागील कारणपरंपरा पाहावी. डोळ्यांवर उपचार होऊन ती येथवर आली नाही. दृष्टी आलेली नाही. तिला एक घर मिळाले, एक नाव मिळाले, तिच्या इंद्रियांना साजेशी लिपी मिळाली, वाचून दाखविणारी व शिकविणारी माणसे मिळाली, आणि अठराव्या वर्षी तिच्या पायाखालची जमीन कोणी काढून घेतली नाही. एवढी चतुष्पाद-संपत्ती जुळली, म्हणून सिद्धी झाली. ज्या मुलांना आई-बाप आहेत, घर आहे, त्यांना यातील अर्धे तरी आधीच मिळालेले असते. उरलेले अर्धे जुळविण्यास आपण मदत करू शकतो.

कागदाचे औषध

ही मदत पुष्कळदा कागदाच्या रूपाने करावी लागते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, ही पहिली पायरी होय. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या केंद्रात होते. हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आपणास नाही; परंतु ते आहे काय, हे विचारण्याचा अधिकार नक्कीच आहे. पंधरा-सोळा वर्षांचे मूल, दहा ठिकाणी दाखविलेले, आणि प्रमाणपत्रच नाही, असे आजही आढळते. पालक म्हणतात, "एकदा कार्ड काढलं म्हंजे कायमचा शिक्का बसला." या समजुतीचा परिहार वैद्यच करू शकतो.

२०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचाही समावेश आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे आपणास सांगावयास नको. परंतु वारंवार वेदनेच्या झटक्यांमुळे कॉलेज बुडणाऱ्या त्या तरुणास आपण या कायद्याच्या छत्राखाली येतो, याची कल्पनाही नसते. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास उच्च शिक्षणात पाच टक्के जागा व पाच वर्षांची वयोमर्यादेतील सवलत, तर शासकीय नोकरीत चार टक्के आरक्षण आहे. ज्यांना हाताने लिहिता येत नाही त्यांना परीक्षेत लेखनिक व तासाला वीस मिनिटे अधिक वेळ मिळतो. एसटीच्या प्रवासात ७५ टक्के सवलत आहे. पात्र कुटुंबातील दिव्यांगास तहसील कार्यालयामार्फत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे साहाय्य मिळते. राज्य शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयाने ते दरमहा २,५०० रुपये झाले. त्यापूर्वी जून २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे जे अन्नत्याग आंदोलन झाले, त्यातील मागण्यांत दिव्यांगांचे मानधन वाढविण्याची मागणीही होती, हे वाचकांना स्मरत असेल. याखेरीज ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा दंडक आहे. तो खर्च झाला की नाही, हे ग्रामसभेत विचारता येते; बहुतेक ठिकाणी कोणी विचारीतच नाही.

यांतील काहीही आपल्या सनदेबाहेरचे नाही. अपथ्य काय हे जसे आपण चिठ्ठीवर लिहून देतो, तसेच "यूडीआयडी", "निरामय", "कायदेशीर पालकत्व" हे तीन शब्द लिहून द्यावेत, आणि पुढच्या खेपेस त्यांची विचारणा करावी.

उपस्थात्याची चिकित्सा

आता पुन्हा त्या आजन्म उपस्थात्रीकडे वळू. दिव्यांग युवकाची आई आपल्याकडे येते ती कटिशूल, मन्यास्तंभ, अनिद्रा, अम्लपित्त अशा तक्रारी घेऊन. आपण गुग्गुळ कल्प देतो, ते योग्य आहे. परंतु तरुण मुलास उचलताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवावेत, अंथरुणावरून उतरविताना चादरीचा आधार घ्यावा, शौचासाठी खालचा भाग कापलेली खुर्ची गावच्या सुताराकडून करून घ्यावी, हे सांगणे निदानपरिवर्जनच नव्हे काय? ती रात्री किती वेळा उठते, हे विचारावे. आठवड्यातील एक दुपार मावशी, काकू वा शेजारीण मुलाजवळ बसली तर ती माहेरी, बाजारात वा भजनाला जाऊन येईल. ही दुपार चिठ्ठीवर लिहून द्यावी, म्हणजे घरातील मंडळी ती औषधासारखी पाळतात. सत्त्वावजय म्हणजे केवळ उपदेश नव्हे. मनास विसावा मिळेल अशी व्यवस्था करणे हेही त्यातच येते.

वडिलांशीही बोलावे. पुष्कळ घरांत वडील मुलावर प्रेम करतात, परंतु सेवा आईवर टाकून मोकळे होतात. आणि भावंडांना विसरू नये. "तुलाच पाहायचं आहे पुढं याला" हे वाक्य दहा वर्षांच्या बहिणीस रोज ऐकवू नये. पुढे काय, याची व्यवस्था आई-वडिलांनी हयातीतच कागदावर करावी. तसे झाले तर भावंडांचे नाते ओझ्याचे न राहता मायेचे राहते.

तरुणाशी थेट बोलावे

आपल्या प्रश्नपरीक्षेत एक दोष सर्रास आढळतो. चाकाच्या खुर्चीवर बसलेला वीस वर्षांचा तरुण समोर असतो आणि आपण त्याच्या आईस विचारतो, "याला भूक लागते काय?" प्रश्न त्यालाच विचारावा. त्यास बोलण्यास वेळ लागत असेल तर थांबावे. ऐकू येत नसेल तर लिहून विचारावे किंवा ओठ दिसतील असे समोर बसावे. ज्याला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही, तो निर्णय घेण्यास कसा शिकणार? प्रकृती, सत्त्व, सात्म्य यांचे परीक्षण व्यक्तिपरत्वे करणारे आपले शास्त्र दिव्यांगास निव्वळ "केस" समजू शकत नाही.

यौवनाचे प्रश्न तर आपण टाळतोच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीस पाळी सुरू झाली की माता घाबरून विचारते, "पिशवीच काढून टाकली तर?" १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. आज २०१६ च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमानुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त व समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही. मातेची भीती खरी असते. तिला झिडकारू नये. परंतु गर्भाशय काढल्याने अत्याचाराचा धोका टळत नाही, तो लपतो, हे तिला समजावून द्यावे. मुलीस चित्रांच्या साहाय्याने, रोज त्याच क्रमाने, कापड वा पॅड बदलणे शिकविता येते; अनेक मुली काही महिन्यांत शिकतात. आपल्या अंगास कोणी कोठे हात लावावा, कोठे लावू नये, हेही शिकविता येते. आपल्या भगिनी वैद्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

प्रज्ञा इंद्रियांवर अवलंबून नसते, याचे उदाहरण वऱ्हाडास परके नाही. माधानचे श्री गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावलेले होते. शिष्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि सांगून लिहवून घेऊन त्यांनी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांत "मानसायुर्वेद" हा आपल्या शास्त्राशी निगडित ग्रंथही आहे. त्यांना आपण "प्रज्ञाचक्षु" म्हणून वंदन करतो. त्यांच्या भोवती वाचणारे व लिहिणारे हात होते, ही गोष्ट मात्र वंदन करताना विसरतो. असे हात आजच्या प्रत्येक दृष्टिहीन मुलास मिळाले पाहिजेत.

आपल्या संघटनेने काय करावे

आपली तालुका शाखा हे छोटे पण उपयुक्त एकक आहे. तीन गोष्टी विशेष खर्चावाचून करता येतील. पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्याकडे येणाऱ्या दिव्यांग मुला-मुलींची वयवार नोंद ठेवावी आणि सतरावे वर्ष लागताच पालकत्व, विमा व अनुदान यांविषयी पालकांशी बोलावे. दुसरी, धन्वंतरी जयंतीस आपण जी शिबिरे घेतो, त्यांतील एक शिबिर दर वर्षी या कुटुंबांसाठी ठेवावे. त्या दिवशी औषधवाटपाबरोबर अर्ज भरून देणारा माणूस, तहसीलचा कर्मचारी व फिजिओथेरपिस्ट यांना बोलवावे, आणि पालकांना एकमेकांशी बोलण्यास एक तास मोकळा ठेवावा. त्या तासात पालक परस्परांना जे सांगतात, ते आपल्या कोणत्याही व्याख्यानात नसते. तिसरी, मोझरीच्या श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालयासारख्या आपल्या जिल्ह्यातील संस्थांतील आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा एका तरी घरी जाऊन दिवसभर राहावे, अशी विनंती संघटनेने करावी. कौमारभृत्याच्या परीक्षेत जे विचारले जात नाही, ते त्या घरात शिकावयास मिळेल.

आपल्या चिकित्सालयाच्या भिंतीवर धन्वंतरीची तसबीर असते, पथ्यापथ्याचा तक्ता असतो. त्याशेजारी तहसील कार्यालय, जिल्हा सामान्य रुग्णालय व स्थानिक स्तर समिती येथे कोणत्या कामासाठी जावे, याचा एक साधा कागद मराठीत लिहून लावावा. "आमच्या मागं याचं कसं होईन?" हा प्रश्न पुढच्या वेळी आला, की त्या कागदाकडे बोट दाखवून पालकांना म्हणावे, "बसा. आज आपण यातलं पहिलं काम करू."